हिरव्या दोऱ्याचं लेबल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवाला ठाऊक असेल तर असो, पण माझ्या तोंडून नाही. बायकोला सांगायला दोनदा तोंड उघडलं होतं. एकदा तिनं विचारलंच, "काय होतंय तुम्हाला?" मी म्हटलं, अॅसिडिटी. झालं. तेव्हापासून घरात माझ्यासाठी थंड दूध राखलेलं असतं, आणि मी ते मुकाट पितो.

तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलायला जमेल असं वाटतंय. बघू. एकदम नाही येणार मुद्द्यावर. शिंपी माणूस मी — कात्री लावायच्या आधी चार ठिकाणी खडूनं रेघा ओढल्याशिवाय हात पुढे जात नाही.

शहापूरच्या बाजारपेठेत आमचं दुकान होतं. आधी वडिलांचं, मग माझं. आता तिथं मोबाइलची कव्हरं विकतात. शर्ट-पँट, सफारी, पोरींचे फ्रॉक, शाळेचे गणवेश — आटगाव, खर्डी, शेणवा, इकडे मुरबाडपर्यंतची गिऱ्हाइकं. वडील महाकंजूस. त्यांनी उल्हासनगरहून कॉलरमध्ये लावायची लेबलं एकदाच विणून आणली, पांढऱ्या पट्टीवर निळी अक्षरं — दुकानाचं नाव, खाली 'शहापूर, जि. ठाणे'. एकदम घेतली की स्वस्त पडतात म्हणून इतकी आणली, की वडील गेले तरी लेबलं शिल्लक. मीही तीच लावत राहिलो.

लेबल तेच, पण दोरा वेगळा. ही वडिलांची युक्ती. दर दिवाळी झाली की लेबल शिवायचं रीळ बदलायचं. एक वर्ष पिवळा, एक वर्ष तपकिरी, एक वर्ष जांभळा. का? तर गिऱ्हाईक येतं, शर्ट काउंटरवर आपटतं आणि म्हणतं, "मास्तर, गेल्याच दिवाळीला शिवला, बघा कसा उसवला!" मी नुसती कॉलर उलटायचो. "आबा, गेल्या दिवाळीला तपकिरी दोरा होता. हा पिवळा आहे. तुमच्या शर्टानं तीन दिवाळ्यांचा फराळ खाल्लाय." बाकावर बसलेले चारजण फिदीफिदी हसायचे, आबा शर्ट उचलून चालते व्हायचे.

काय सांगू, नाद लागला होता मला त्याचा. मग मी नुसत्या आमच्या दुकानाच्या कपड्यांवर थांबलो नाही. कुणाचाही जुना कपडा द्या, मी लेबल बघून साल सांगणार. मुंबईच्या रेडीमेडवर 'बॉम्बे' असलं की आधीचा, 'मुंबई' असलं की अलीकडचा. पत्त्यात शहराच्या नावापुढं नुसता एक आकडा असला की फार जुना, सहा आकडी पिन आला की नंतरचा. धुवायच्या सूचनांची ती बारकी चिठ्ठी आत शिवलेली दिसली की अगदीच कालपरवाचा. एकदा एक निवृत्त गुरुजी आपला लग्नातला कोट अल्टर करायला घेऊन आले. मी आतला खिसा उलटा करून लेबल वाचलं आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "गुरुजी, हा कोट तुमच्या लग्नाच्या आधीच म्हातारा झाला होता. सासऱ्यांचा दिसतोय." गुरुजींचं तोंड एवढंसं झालं. खरंच सासऱ्यांचा होता तो. बाक हसला. मीही हसलो. गरज होती का हो? पण मला खोटं चालत नसे. दुसऱ्याचं.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. रंग काही ढीगभर नसतात. पांढरा उठून दिसत नाही, काळा वडिलांना अपशकुनी वाटायचा. दहा-बारा वर्षांनी रंग संपले की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे हिरवा दोरा दोनदा येऊन गेला — एकदा वडिलांच्या काळात, एकदा माझ्या. मग त्या दोन हिरव्यांतला फरक कसा ओळखायचा? सोपं आहे. वडील लेबल चारी बाजूंनी शिवायचे. मी फक्त दोन्ही टोकांना टीप मारायचो. कंटाळा, दुसरं काय. पण हा फरक मला माहीत, जगाला नाही.

आता पहिली चोरी सांगतो. ती लहान आहे, ती सांगायला एवढं जड जात नाही. 'सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा' — ही म्हण लोक माझ्या तोंडावर म्हणायचे, मी पण हसायचो. कारण खोटी नाही ना ती. गिऱ्हाइकाच्या कापडातून चार बोटं वाचवणं, त्याची पोराला चड्डी शिवणं, एवढं सगळेच करतात. मी जरा जास्त केलं.

मुरबाडचे एक शेठ होते, भाताची गिरणी होती त्यांची. मुलाच्या लग्नात घरातल्या झाडून सगळ्या पुरुषांना एकाच कापडाचे शर्ट करायचे असं त्यांच्या मनात आलं. मुंबईहून अख्खं थान आणलं — सायीच्या रंगावर केसासारखी बारीक हिरवी रेघ. असलं कापड आमच्याकडं कुणी पाहिलं नव्हतं. हात फिरवला की फिरवतच राहावंसं वाटे. मी कापड आखताना बाह्यांच्या पोटात कॉलरी बसवल्या, पाठीच्या खाचेत खिसे बसवले, आणि एका शर्टापुरतं कापड वाचवलं. शेठ म्हणाले, "उरलं का काही मास्तर?" मी म्हटलं, "उरतंय कुठलं शेठ! उलट ओढाताणच झाली."

त्या कापडाचा शर्ट मी घालू शकत नव्हतो, मुलालाही शिवू शकत नव्हतो. तेवढ्यात काळूराम आला.

काळूराम शेणव्याच्या पुढच्या एका पाड्यातला. भात लावायचा, आणि बाकीचे दिवस आटगावच्या बाजूला एका कारखान्यात माल उचलायचा. ओझ्यानं त्याचा डावा खांदा उतरला होता, चांगला अर्धा इंच. मेहुणीचं लग्न होतं, शर्ट पाहिजे होता. मी म्हटलं, माझ्याकडं एक कटपीस पडलाय, देतो. त्यानं कापडाला हात लावला आणि घाबरून काढून घेतला. म्हणाला, "मास्तर, ह्यो आमच्यासारक्याचा नाय." मी म्हटलं, घे रे, शोभेल तुला. आणि खरंच शोभला. मी डावा खांदा त्याच्या खांद्यासारखाच उतरता कापला होता, त्यामुळे शर्ट अंगावर सरळ बसला. आरशासमोर तो एवढा वेळ उभा राहिला, की शेवटी मी म्हटलं, आता काय आरसा पण नेतोस का?

आणि त्या शर्टाला मी लेबल लावलं. बघा माझी अक्कल! चोरीच्या कापडाला स्वतःचं नाव! पण हाताची सवय — कॉलर पुरी झाली की हात आपोआप लेबलाच्या डब्यात जायचा. त्या वर्षी दोरा हिरवा होता. दोन्ही टोकांना टीप मारली आणि शर्ट त्याच्या हातात दिला.

पौष महिना होता. भात झोडून झालं होतं, लोक मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या, म्हशाच्या जत्रेच्या गोष्टी करत होते. एक हवालदार दुकानात आला. हातात प्लॅस्टिकची पिशवी. खर्डीच्या पुढं रुळांवर एक माणूस सापडला होता. चेहरा ओळखण्याजोगा राहिला नव्हता, खिशात काही नव्हतं. अंगावरच्या शर्टात आमचं लेबल होतं, तेवढाच काय तो धागा. हवालदार म्हणाला, "तुमी म्हणं कॉलर बघून साल सांगता. सांगा बघू, कदी शिवला, कोणाचा."

बाकावरच्या माणसांना काय अभिमान वाटला! "आता बघा आमचे मास्तर!"

त्यानं शर्ट काउंटरवर वर्तमानपत्र पसरून ठेवला. कॉलर उलटायच्या आधीच मी ओळखला. रेघ बघून नाही — रेघ बहुतेक ठिकाणी डागांखाली गेली होती. डावा खांदा बघून.

आता ऐका. स्टुलावर कोण बसलं होतं? शेठ. मुरबाडचे तेच शेठ, सफारीची ट्रायल द्यायला आले होते. एक बाही अंगात, एक बाहेर. ते वाकले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "हे आपल्या लग्नातलं कापड दिसतंय हो." मग थांबले. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. "पण आमचे सगळे तर घरी धडधाकट आहेत." आणि माझ्याकडं बघितलं.

त्यांनी संशयानं बघितलं की नुसतंच बघितलं? मला आजही सांगता येत नाही. माझ्या तोंडातून मात्र आवाज अगदी सरळ निघाला. "नाही हो शेठ. असलं कापड पूर्वी पण यायचं. हे बघा हवालदारसाहेब, हिरवा दोरा. हा माझ्या वडिलांच्या हातचा. दहा-बारा वर्षांपूर्वीचा शर्ट आहे."

बाकावर कुणीतरी म्हणालं, "नजर बघा, नजर!"

हवालदारानं लिहून घेतलं, मी सही केली. तो वैतागून म्हणाला, दहा-बारा वर्षांचा जुना शर्ट म्हणजे काय पत्ता लागणार? बोहारणीला दिला असेल, तिनं बाजारात विकला असेल, कुठल्या तरी भटक्याच्या अंगावर गेला असेल. मी म्हटलं, तसंच असणार. त्यानं शर्ट पुन्हा पिशवीत घातला आणि गेला. मी शेठची दुसरी बाही चढवली, टाचण्या लावल्या. माझा हात जरासुद्धा थरथरला नाही. बाकी कशाहीपेक्षा हे सांगायचीच मला जास्त लाज वाटते.

एका शर्टाच्या कापडापायी! काय झालं असतं? शेठ चारचौघांत दोन शब्द बोलले असते. बाजारात महिनाभर हसं झालं असतं, शेठचं गिऱ्हाईक तुटलं असतं. माणसाला फाशी देत नाहीत हो कापड चोरल्याबद्दल.

नंतर मी स्वतःला समजावलं. काळूरामनं शर्ट कुणाला तरी दिला असेल. तो स्वतः घरी असेल, भाकर खात असेल. शेणव्याला जाऊन बघायचं होतं ना मग? एक फेरी! नाही गेलो. म्हटलं, कामं आहेत, लगीनसराई तोंडावर आलीय. मला ठाऊक होतं. ज्यानं तो शर्ट घातल्यावर आरशासमोरून हलायला नको म्हटलं, तो तो शर्ट दुसऱ्याला देणार होता होय?

शिमग्याच्या आधी काळूरामची बायको दुकानात आली. चांगुणा तिचं नाव. बरोबर दीर, आणि बोट धरून मुलगी, वैशाली, पहिलीत जाणारी. एवढे दिवस त्यांनी कुठं विचारपूसच केली नव्हती. तो रुसून गेलाय असंच सगळे धरून चालले होते. झालं होतं असं, की त्यानं बायकोला आणि पोरीला म्हशाच्या जत्रेला न्यायचं कबूल केलं होतं, आणि ऐन वेळी म्हणाला, कारखान्यातून सुट्टी नाही. पोरगी रडायला लागली. चांगुणा चिडली आणि बोलून गेली, "जा मंग, परत तोंड नको दाखवू." तो जत्रेसाठी काढून ठेवलेला चांगला शर्ट रागारागानं अंगात घालून निघून गेला. खर्डीला त्याचा कोणी दोस्त राहत होता. तिकडं निघाला होता का, रूळ ओलांडताना काय झालं — कुणाला माहीत? मला तरी नाही.

शेवटी दीर पोलिसांकडं गेला. त्यांनी सांगितलं, एक बेवारस सापडला होता, बारीक रेघेचा शर्ट होता, पण तो शर्ट दहा-बारा वर्षं जुना, शिंप्यानं लेबल बघून सांगितलंय. काळूरामचा तर त्याच वर्षीचा. दीर तिथूनच उठला. कपडे दाखवा म्हणायचंही त्याला सुचलं नाही. पण रेघेचं ऐकून चांगुणाला राहवेना. ती माझ्याकडं आली.

दुकानात त्या वेळी कुणी नव्हतं. बाक रिकामा, स्टूल रिकामं. शेठ नाही, हवालदार नाही. मला कुणाची भीती होती सांगा? ती काउंटर दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. "मास्तर, खरा सांगा. पोरीची शपथ हाय. तो शर्ट यांचा व्हता का?"

माझ्या तोंडात 'हो' आलं होतं. खरंच आलं होतं — पण आलं होतं म्हणून काय झालं? मग सही आठवली. पोलिसांच्या कागदावर केलेली सही. खोटी साक्ष, कोर्ट, तारखा, आणि त्यात पुन्हा ते कापड. मी म्हणालो, "नाय गो बाई. तो माझ्या बापाच्या हातचा. तुझ्या नवऱ्याचा कसा असेल?"

ती पायरीवर मटकन बसली आणि रडली. आनंदानं रडली हो! दीर म्हणाला, "बघ, मी सांगत व्हतो ना, भाऊस कुटंतरी हाय." तिनं उठून माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागं घेतले, पण घेईपर्यंत लागला होता.

आठ-पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली. पदराखाली पिशवी. आत वाल आणि नवे तांदूळ. म्हणाली, तुमच्यामुळं जीव भांड्यात पडला, घरात न्या. बायकोनं त्या वालांचं बिरडं केलं. मी दोनदा वाढून घेतलं. तिसऱ्यांदा बायको म्हणाली, पोट बिघडेल.

मग वर्षं जाऊ लागली. तुम्ही म्हणाल, अशा गोष्टी हळूहळू विसरतात. विसरल्या असत्या, पण दर दिवाळीला ती पोरीच्या फ्रॉकचं कापड घेऊन माझ्याकडंच यायची. दुसरे शिंपी नव्हते का? पण मी तिचा चांगला माणूस. गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला कुंकू, आणि त्यावरून पाड्यात कुजबूज. कुणी म्हणे, त्यानं कल्याणला दुसरी ठेवलीय. कुणी म्हणे, सुरतेला दिसला होता. सासू सरळ तोंडावर म्हणायची, तूच हाकललास माझ्या पोराला. हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही याचासुद्धा बायकांना पेच पडायचा. ती मला हे सगळं फ्रॉकचं माप देता देता सांगायची, आणि शेवटी दर वर्षी तेच वाक्य — "मीच बोलले ना मास्तर. मी बोलले म्हणून गेले."

हे एक वाक्य तिच्या तोंडातून काढून घेणारा जगात एकच माणूस होता. तो टेप गळ्यात घालून समोर उभा होता आणि विचारत होता, "घेर किती ठेवू?"

पितृपक्षात काळूरामच्या नावानं पान नाही. कसं असेल? जिवंत माणसाचं कुणी घालतं का? कुठं जाळला, कुठं पुरला, तेही कुणाला ठाऊक नाही. एका सर्वपित्रीला मी माझ्या वडिलांच्या पानाशेजारी आणखी एक घास ठेवला. बायको म्हणाली, हा कुणाचा? म्हटलं, राहिलेल्यांचा. म्हणजे बघा, पाप धुवायला निघालो तेही बापाच्या पानातल्या भातावर! कावळ्यानं दोन्ही खाल्ले. कावळ्याला काय कळतंय.

मग शेठ वारले. मी मुरबाडला जाऊन आलो. येताना एसटीत बसल्या बसल्या मनात आलं, संपलं, आता कापडाचं विचारणारं कुणी उरलं नाही. तो हवालदार तर कधीच बदलून गेला होता. आता सांगायला हरकत काय? शहापूरला उतरलो, दुकान उघडलं, आणि नाही सांगितलं. तेव्हा मला कळलं, की मी शेठला भीत नव्हतोच. मी तिच्या तोंडाला भीत होतो. माझ्यामुळं आपण एवढी वर्षं वाट बघितली हे ज्या क्षणी तिला कळेल, त्या क्षणी तिच्या तोंडावर जे काही येईल, ते बघायची माझी छाती नव्हती. म्हणून ती आणखी वाट बघू दे. असा मी.

आणि दोरा बघून साल सांगायचा धंदा? तो चालूच होता. बंद केला असं सांगायला मला आवडलं असतं. बाकावरचे म्हणायचे, मास्तर, सांगा हा कुठल्या सालचा, आणि मी कॉलर उलटायचो, आणि बरोबर सांगायचो.

वैशालीचं लग्न ठरलं तोवर माझं दुकान मोडकळीला आलं होतं. सगळ्यांना रेडीमेड पाहिजे. लेबलंही तळाला गेली होती. चांगुणा आली. केस पांढरे व्हायला लागले होते. मला वाटलं, नवरीचे ब्लाउज. तिनं पिशवीतून शर्टाचं कापड काढलं. सायीच्या रंगाचं. रेघ नव्हती, पण रंग तिनं शोधून शोधून तसाच आणला होता. खाली एक विटलेला जुना शर्ट, मापाला.

"यांचा एक शर्ट शिवा मास्तर," ती म्हणाली. "पोरीच्या लग्नात बापूस आला, आन् अंगावर धड शर्ट नसला तर? कन्यादानाला कसा बसंल?"

मी काय केलं असेल असं तुम्हाला वाटतं? दुकानात आम्ही दोघंच. एवढी वर्षं गेलेली. समोर ती, मधे कापड.

मी कापड हातात घेतलं, खडूनं खुणा केल्या, आणि म्हणालो, गुरुवारी ये.

मापाचा शर्ट मी उलगडलाही नाही. तसाच पिशवीत राहिला. गुरुवारी ती आली, शर्ट पसरून बघितला, खांद्यांवरून हात फिरवला आणि थांबली. "डावा खांदा उतरता हाय," म्हणाली. "तुमच्या ध्यानात हाय अजून?" आणि हसली. इतक्या वर्षांत मी तिला हसताना पहिल्यांदा बघितलं. मग कॉलर उलटायच्या आधीच तिनं विचारलं, "यंदा दोरा कंचा?"

"निळा."

"बरा झाला. आले की सांगीन यांना, हा बघा, निळ्या दोऱ्याचा. तवापासून ठेवलाय."

शिलाई घेतली नाही, तर तिनं सगळ्या पाड्यात माझं नाव केलं. लग्नाला मी गेलो. कन्यादानाला दीर आणि जाऊ बसली. चांगुणा बाजूला उभी होती, आणि तिच्या हातावर तो शर्ट घडी करून ठेवलेला होता. दारातून कुणी आत आलं की ती मान वर करायची. मी जेवलो, आहेर दिला, आणि निघालो.

शर्ट तिच्याकडं अजून आहे. बाजारात भेटली की सांगते. दिवाळीला काढते, उन्हात घालते, पुन्हा घडी करून ठेवते. कुणी अंगात घातलेला नाही, त्यामुळे नवाच आहे म्हणते. मी म्हणतो, कापड चांगलं होतं.

शेणव्याला जाणारी रिक्षा माझ्या घरासमोरूनच सुटते. तीन माणसं झाली की रिक्षावाला चौथ्यासाठी हाका मारतो. मी ओट्यावर बसलेला असतो. रोज माझ्याकडं बघून विचारतो, "येता का मास्तर?" मी नाही म्हणतो.